आधी दुर्बीण, मग कॅमेरा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की लोणी काळभोरच्या अलीकडे डाव्या हाताला कवडीकडे जाणारी वाट फुटते. मुळा-मुठेचे पाणी येथे एका बंधाऱ्यावरून खाली उतरते. पाणी कसले, पुण्याचे सांडपाणीच ते. त्यावर फेसाचे पुंजके आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत असतात. वाऱ्याची दिशा बदलली, की नाकाला रुमाल लावावा लागतो. तरीही डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी सकाळी सात वाजता येथे मोटारींची रांग लागलेली दिसते. धुक्यातून चक्रवाकांच्या केशरी जोड्या उतरत असतात, गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चोच बुडवीत फिरत असतात आणि दगडादगडांवर परीट शेपट्या हलवीत असतात. सांडपाण्यातील सेंद्रिय गाळावर किडे आणि अळ्या पोसल्या जातात आणि त्यांच्यावर हे पाहुणे. माणसाला ज्याची शिसारी येते, ते अनेक पाणपक्ष्यांचे ताट असते, ही पक्षिनिरीक्षणातील पहिली शिकवण येथे फुकट मिळते.

काठावर जमणाऱ्या मंडळींत संगणक अभियंते असतात, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, मुलांना घेऊन आलेले पालक असतात. एक गोष्ट मात्र दोन दशकांत बदलली आहे. पूर्वी अशा ठिकाणी येणाऱ्याच्या गळ्यात दुर्बीण असे आणि खिशात छोटी वही. आता बहुतेकांच्या खांद्यावर तोफेच्या नळीसारखी लेन्स असते. दुर्बीण अनेकांकडे नसतेच. समोर उतरलेल्या पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी अर्ध्या मिनिटात त्याची पन्नास छायाचित्रे निघतात आणि नाव घरी गेल्यावर शोधले जाते. हा छंद नव्याने स्वीकारणाऱ्याने कोणत्या क्रमाने पुढे जावे, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्यावर पक्ष्यांचे बरेच काही अवलंबून आहे.

बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत

भारतातील पक्षिनिरीक्षणाचा इतिहास मुंबईला वगळून लिहिता येत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक शाळकरी मुलगा छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली एक चिमणी घेऊन या संस्थेत गेला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ही जात कोणती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. संस्थेचे तेव्हाचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितलेच, पण संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही त्याला उघडून दाखविला. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली (१८९६-१९८७). त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राच्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या नावातही तीच चिमणी आहे.

त्या काळी बंदूक हे पक्षिशास्त्राचे सर्वमान्य साधन होते. पक्षी हातात आल्याखेरीज त्याची जात निश्चित करता येत नसे. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ मध्ये आले आणि सामान्य वाचकाला पक्षी न मारता, दुरूनच ओळखण्याची सोय झाली. पक्षी चिमणीएवढा की बुलबुलाएवढा, मैनेहून मोठा की कावळ्याहून लहान, अशी घरगुती मापे त्या पुस्तकाने दिली. आजही नवख्याने याच मापांनी आरंभ करावा.

छायाचित्रणाची वाट वेगळी होती. फिल्मचा वेग कमी, लेन्स आखूड आणि एका गुंडाळीत छत्तीस चित्रे. उडत्या, भिरभिरत्या पक्ष्याला अशा साधनांनी गाठणे जवळजवळ अशक्यच. पक्षी हमखास परत येतो अशी जागा एकच, ती म्हणजे घरटे. त्यामुळे घरट्यासमोर मचाण किंवा कापडी लपण उभारून तासन् तास थांबायचे, ही जगभर रूढ असलेली पद्धत होती. सालिम अलींबरोबर अनेक मोहिमांवर गेलेले सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो यांच्यासारख्यांची गाजलेली छायाचित्रे त्याच काळातील आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण ज्या अडचणीमुळे ही पद्धत आली ती अडचण केव्हाच संपली आहे, पद्धत मात्र संपलेली नाही. आजच्या वादाचे मूळ येथे आहे.

साधारण २००३ नंतर डिजिटल एसएलआर कॅमेरे हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. पुढच्या दशकात १५० ते ६०० मिलिमीटरच्या तुलनेने स्वस्त लेन्स बाजारात आल्या. आताचे मिररलेस कॅमेरे पानांच्या जाळीतूनही पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात आणि सेकंदाला वीस-वीस चित्रे घेतात. जे कौशल्य कमावण्यास पूर्वी दहा वर्षे लागत, त्यातील मोठा भाग आता यंत्रात भरून येतो. यंत्रात भरून येत नाही ती पक्ष्याची ओळख.

आरंभ घराच्या खिडकीतून

ही ओळख करून घेण्यासाठी अभयारण्यात जाण्याची गरज नाही. मराठीने तर पक्ष्यांची नावे ठेवतानाच नवख्याची सोय करून ठेवली आहे. आपल्या भाषेत पाखरांचा एक अख्खा गावगाडा आहे. पाने शिवून घरटे करतो तो शिंपी, पाण्याकाठी शेपटी आपटत धुणे धुतल्याचा भास करून देतो तो परीट किंवा धोबी, भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक् टुक्’ आवाज करतो तो तांबट, खोडावर चोचीने ठोकतो तो सुतार आणि घारीलाही हुसकावून लावतो तो काळाकुळकुळीत कोतवाल. नाव ऐकले, की पक्ष्याची सवय समजते आणि सवय समजली, की पक्षी सापडतो. सातजणांच्या टोळीने कलकलाट करीत जमिनीवर पाने उलथणारे सातभाई एकदा पाहिले, की पुन्हा चुकत नाहीत.

शहरातील एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात वर्षभर नजर ठेवली, तर तीस-चाळीस जाती सहज नोंदविता येतात. पहाटे दयाळाची शीळ, मग बुलबुलांची बडबड, जास्वंदीवर शिंजीर, विजेच्या तारेवर वेडा राघू, गच्चीवरच्या टाकीवर शिक्रा. पाहण्याची शिस्त मात्र लावून घ्यावी लागते. रंगाकडे सर्वांचे लक्ष प्रथम जाते आणि रंगच सर्वाधिक फसवितो. कोवळ्या उन्हात तांबूस दिसणारा पक्षी ढगाखाली करडा दिसतो. त्याऐवजी आकार, चोचीची ठेवण, शेपटीची लांबी आणि चाल पाहावी. साळुंकी एकेक पाऊल टाकीत चालते, चिमणी दोन्ही पायांवर टुणटुण उड्या मारते. कावळा आणि कोकीळ दुरून सारखेच काळे. पण कोकिळेच्या नराचा डोळा लालभडक आणि चोच फिकट हिरवट असते.

दुर्बीण घेताना तिच्यावरील दोन आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. ८ × ४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढील भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. दुकानदार बहुधा दहा, बारा किंवा त्याहून अधिक पटीची दुर्बीण पुढे करतो. तिचा मोह टाळावा. पट वाढली, की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो आणि दिसणारे क्षेत्र आक्रसते. झाडावरचा पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. शिवाय ४२ला ८ने भागले, की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत पोहोचतो. पहाटेच्या अंधुक उजेडात त्याचे महत्त्व कळते. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासह पूर्ण वर्तुळ दिसते ना, हे दुकानातच तपासावे.

पुस्तकांत मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’चा आधार आहे. वनखात्यात आयुष्य घालविलेल्या चितमपल्लींनी (१९३२-२०२५) पक्ष्यांची लोकांत रुळलेली नावे गोळा करून या भाषेवर मोठे उपकार केले आहेत. मोबाइलवरील ‘मर्लिन’सारखे उपयोजन आवाज ऐकूनही पक्ष्याचे नाव सुचविते. ते उपयुक्त आहे यात शंका नाही. पण त्याने सुचविलेले नाव म्हणजे निकाल नव्हे. पक्षी डोळ्यांनी पाहून खात्री करावी. कारण दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारे कोतवालासारखे बहुरूपी यंत्रालाही चकवतात.

पहिल्या वर्षासाठी एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पळस आणि पांगारा फुलतात. अशा एका फुललेल्या झाडाखाली सकाळी दोन तास नुसते बसावे. मकरंदासाठी मैना येतात, भोरड्यांचे थवे येतात, हळद्या, शिंजीर, बुलबुल, कोतवाल सारे एकाच फांदीवर भांडताना दिसतात. दहा किलोमीटर पायपीट करूनही जे दिसणार नाही, ते एका जागी बसून दिसते.

ऋतू आणि ठिकाणे

पक्षिनिरीक्षकाचे वर्ष जानेवारीत नव्हे, तर पावसाबरोबर सुरू होते. जूनच्या आगेमागे चातक येतो, पावशाची ‘पेर्ते व्हा’ अशी साद चढत जाते, सह्याद्रीच्या झाडीत नवरंग विणीसाठी उतरतो आणि सुगरणीचा नर बाभळीवर घरटी विणू लागतो. घरटे सुगरण नव्हे, तर तिचा नर विणतो. मादी फक्त ते पसंत करते किंवा नाकारते. सप्टेंबरच्या अखेरीस पहिला परीट दिसला, की हिवाळी पाहुण्यांची चाहूल लागली असे समजावे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ पाणवठ्यांचा.

मुंबईकरांना रोहित पक्षी पाहण्यासाठी ठाण्याच्या खाडीपलीकडे जावे लागत नाही. या खाडीतील रोहितांची संख्या हंगामात लाखाच्या घरात जाते. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोली येथील वनविभागाच्या केंद्रातून होडीची सोय असते. येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे कोष्टक महत्त्वाचे. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवरच्या चिखलात ठिपक्यांसारखे दिसतात, पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही. पाणी चढत असताना मधल्या दोन-तीन तासांत थवे काठाकडे सरकतात. हे न पाहता गेलेला माणूस हमखास निराश होऊन परततो.

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ. ती घोषणा २०२० मध्ये झाली. तेथे हळदी-कुंकू, थापट्या, तलवार अशी बदकांची जत्राच भरते. पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य आकाराने लहान, सुमारे बारा चौरस किलोमीटरचे. पण मुंबईच्या कुशीत अशी झाडी दुसरी नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावरील भिगवणची कथा निराळी आहे. भीमेवर धरण झाले, गावे आणि शेते पाण्याखाली गेली आणि त्या उथळ पाण्यावर पक्षी वसले. कुंभारगाव, डिकसळ परिसरातील मासेमारी करणारे अनेक तरुण आता पहाटे पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवितात आणि त्यांच्याइतकी पाण्याची माहिती कोणत्याही पुस्तकात नाही. होडी घेताना ‘थवा उडवायचा नाही’ एवढे आधीच सांगून ठेवावे. नावाडी ग्राहकाच्या मनाप्रमाणे वागतो. उडत्या रोहितांचे छायाचित्र हवे म्हणून होडी थव्यात घालायला सांगणारे ग्राहकच असतात.

कॅमेरा हाती घेताना

निदान एक हिवाळा दुर्बिणीवर काढल्यानंतर कॅमेऱ्याचा विचार करावा, असे म्हटल्यास अनेकांना ते जाचक वाटेल. पण त्यात व्यवहारही आहे. खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो, वेडा राघू किडा पकडून त्याच तारेवर परततो, ढोकरी झडप घालण्यापूर्वी मान आखडून घेते, घार उडण्यापूर्वी विष्ठा टाकते. हे ज्याने पाहिले आहे, त्याचा कॅमेरा क्षण येण्याआधीच तयार असतो. न पाहिलेल्याला उडून गेलेल्या पक्ष्याची शेपटी मिळते.

साधनांच्या बाबतीत खर्चाला अंत नाही. मोठी लेन्स लाखांच्या घरात जाते. एकसंध लेन्सचे अतिझूम कॅमेरे तुलनेने स्वस्त असतात आणि नोंदीपुरते छायाचित्र त्यांतून उत्तम मिळते. फक्त अंधुक प्रकाशात ते मार खातात. तांत्रिक बाजू थोडक्यात सांगायची, तर बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा पाचशेवा ते हजारावा भाग आणि उडत्यासाठी दोन हजारावा किंवा त्याहून लहान भाग शटरला द्यावा. त्यासाठी आयएसओ वाढवावे लागले तर खुशाल वाढवावे. थोडे दाणेदार छायाचित्र चालते, हललेले चालत नाही. बगळा पांढराधोप असल्याने कॅमेरा स्वतःच्या हिशेबावर सोडला, तर गडद पार्श्वभूमीवर त्याची पिसे नुसता पांढरा डाग होतात. तेथे प्रकाशमान कमी करावे. कोतवालासाठी नेमके उलट करावे. सूर्य पाठीशी आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर असावा. त्यासाठी पाणवठ्याकाठी पालथे पडावे लागते. कपड्यांची काळजी घरी ठेवून यावे. सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी दूरचे चित्र विरघळलेले येते. अशा वेळी दोष कॅमेऱ्यात शोधू नये, न्याहारीला जावे.

पक्ष्याच्या मागे धावण्यापेक्षा त्याला येऊ देणे, ही या कलेतील खरी युक्ती आहे. कित्येक पक्षी चालत्या माणसाला बुजतात, पण उभ्या मोटारीला बुजत नाहीत. माळरानावर मोटारीच्या खिडकीत पिशवीभर तांदळावर लेन्स टेकवून बसलेल्याला जे मिळते, ते पायी पाठलाग करणाऱ्याला मिळत नाही.

घरट्याचा प्रश्न

वाद सुरू होतो तो पावसाळ्यात. कोकणातील ओढ्यांकाठी, कर्नाळ्यासारख्या जंगलांत, जूनपासून तिबोटी खंड्या विणीसाठी येतो. जेमतेम तेरा सेंटिमीटरचा हा पक्षी नारिंगी, जांभळ्या आणि निळ्या रंगांचा उत्सवच असतो. ओढ्याच्या किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या कापलेल्या मातीत तो बीळ खोदून घरटे करतो आणि पिलांना सरड्याची पिले, पाली, लहान खेकडे, नाकतोडे भरवितो. चोचीत पाल धरलेला तिबोटी खंड्या हे हौशी छायाचित्रकाराचे स्वप्न असते. ते पुरे करण्याचा सोपा मार्ग म्हणजे बिळाचा पत्ता मिळविणे.

पुढचे चित्र ठरलेले असते. बिळासमोर सोयीची फांदी रोवली जाते, पार्श्वभूमी स्वच्छ यावी म्हणून मधला पाला छाटला जातो आणि सुटीच्या दिवशी पंधरा-वीस तिकाट्या अर्धवर्तुळात उभ्या राहतात. नर खाद्य घेऊन येतो, माणसे पाहतो, फांदीवर बसून मान वरखाली करतो आणि बिळात न शिरता परत जातो. छायाचित्रकारांच्या दृष्टीने तो ‘छान बसला’. पिलांच्या दृष्टीने एक घास हुकला. असे दिवसभर, आणि मग पुढच्या सुटीला पुन्हा. छाटलेल्या पाल्यामुळे ते बीळ सापाला आणि मुंगसाला दिसू लागते, हे वेगळेच.

टिटवीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध चार ठिपकेदार अंडी घालते. मार्च ते मेच्या दुपारी ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. नर-मादी आळीपाळीने पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणतात आणि अंडी ओली करतात. या वेळी कोणी जवळ जाऊन बसला, तर टिटवी उठते आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते. माणसाला त्यात उत्तम उड्डाणचित्रे मिळतात. खाली जमिनीवर तेवढ्या वेळात अंड्यांतील जीव उन्हाने मरू शकतो.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी समोर बोलावणे हाही असाच प्रकार. विणीच्या काळात नराला तो आवाज म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी वाटतो. तो खाणे सोडून, घरटे सोडून धावत येतो आणि नसलेल्या शत्रूशी लढत राहतो. एकाने एकदा वाजविले तर फार बिघडत नाही, असा बचाव केला जातो. पण प्रसिद्ध जागी तो एक नसतो आणि ते एकदाही नसते. रात्री घुबड-रातव्यांवर फ्लॅश मारणे, अळ्या टाकून पक्ष्यांना एकाच फांदीची सवय लावणे, खाडीवर कुरवांना गाठ्या-फरसाण भरविणे हीही त्याच माळेतील मणी. तळलेल्या, खारवलेल्या पदार्थांवर हजारो मैलांचा परतीचा प्रवास होत नसतो.

कायद्याचा या बाबतीतला शब्द पुरेसा स्पष्ट आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही समावेश होतो. म्हणजे हाती बंदूक नसली तरी घरट्याशी खेळणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकारीच. हौशी मंडळी एकमेकांना ‘काय शूट केले?’ असे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच हे नसते.

नवख्याला यातून मार्ग काढणे अवघड नाही. घरटे नकळत सापडलेच, तर वही काढण्याइतकाही वेळ न घालविता मागे फिरावे आणि त्या जागेचा पत्ता कोणालाही, विशेषतः समाजमाध्यमांवर, देऊ नये. पक्षी काय सांगतो ते वाचावे. त्याने चरणे थांबवून मान वर केली, तर आपण मर्यादेवर आहोत. तो इशाऱ्याचा आवाज काढू लागला, चोचीत खाद्य धरून घुटमळू लागला किंवा पंख मोडल्याचे नाटक करीत जमिनीवर फरफटू लागला, तर मर्यादा ओलांडलेली आहे. आता अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारीत नाहीत. तरीही समाजमाध्यमांवर अशा छायाचित्रांना मिळणारी वाहवा आटलेली नाही आणि जोवर ती मिळते आहे, तोवर बिळांचे पत्ते फिरत राहतील.

वहीची ताकद

पाहिलेले लिहून ठेवणे हा या छंदाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत टिकाऊ भाग. तारीख, वेळ, जागा, जात, संख्या, बस्स, एवढेच. खोट्या नोंदीने काय होते आणि खऱ्या नोंदीने काय होते, याचे एक विलक्षण उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. वन पिंगळा हे लहानसे घुबड १८७०च्या दशकात शास्त्राला ज्ञात झाले आणि १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे एक मिळविल्याचा दावा केला होता. पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिले, की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी असून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला सारून त्यांनी सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धुंडाळली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहादा परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी, वन पिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. मेळघाटातही तो त्यानंतर आढळला.

आजच्या नोंदी कपाटात पडून राहत नाहीत. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’वर जगभरातील निरीक्षक आपल्या याद्या भरतात. अशा सुमारे तीस हजार भारतीय निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींच्या आधारे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींची संख्या घटली आहे. विजेच्या तारांवर एकेकाळी हटकून दिसणाऱ्या नीलपंखाचाही घटणाऱ्यांत समावेश आहे. हे कळले ते सामान्य माणसांनी साधे पक्षी लिहून ठेवले म्हणून. दुर्मीळ पक्ष्याचे छायाचित्र शंभर जण टाकतात. आपल्या गल्लीत आज किती साळुंक्या होत्या, हे लिहिणारा एखादाच असतो आणि आकडेवारीला त्याची गरज जास्त असते.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्यास आरंभ केला. सप्ताहाच्या एका टोकाला चितमपल्लींचा जन्मदिवस आहे आणि दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. त्या आठवड्यात वनविभाग आणि पक्षिमित्र संस्था अनेक शहरांत पक्षिभ्रमंती आयोजित करतात. नवख्याला अनुभवी माणसाबरोबर चालण्याची संधी तेव्हा सहज मिळते. २०१३ पासून भारतातही होणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना दर फेब्रुवारीत चार दिवस असते. तीत भाग घेण्यासाठी घराच्या सज्जात पंधरा मिनिटे उभे राहून, दिसेल आणि ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी मोजावा लागतो. शुल्क नाही, कॅमेराही लागत नाही. त्याच सुमारास सावरी फुललेल्या असतात.